डोईमागे किती?
गिरमिटाचे हिशेब आणि ते तपासणाऱ्यांचा पगार

गेल्या वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या प्रमाणित लेखापरीक्षकांनी सरकारकडे एक निवेदन द्यायचे ठरवले. मागणी साधी होती. सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीची फी वाढवून मिळावी. मसुदा लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले, कारण मी आता कामातून मोकळा आहे आणि मला जुनी कागदपत्रे वाचायचा नाद आहे हे सगळ्यांना ठाऊक. ‘थोडा इतिहासही घाला म्हणजे वजन येईल,’ असे एक तरुण सहकारी म्हणाले. त्या ‘थोड्या इतिहासा’च्या मागे लागलो आणि निवेदन बाजूलाच राहिले.

सुरुवात एका तारखेपासून झाली. १६ नोव्हेंबर १८६० या दिवशी हिंदुस्थानच्या पहिल्या ऑडिटर जनरलने, म्हणजे ड्रमंडने, कामाचा ताबा घेतला. म्हणून २०२१ पासून आपल्याकडे १६ नोव्हेंबर हा ‘ऑडिट दिवस’ पाळला जातो. ही तारीख मी टिपून ठेवली आणि काही दिवसांनी वेगळ्याच एका पुस्तकात ती पुन्हा समोर आली. १६ नोव्हेंबर १८६० या दिवशीच ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रासहून निघून दक्षिण आफ्रिकेतल्या डरबन बंदराला लागले. त्यावर ३४२ माणसे होती. नाताळ वसाहतीतल्या उसाच्या मळ्यांवर पाच वर्षांच्या कराराने कामाला आणलेली ही पहिली हिंदी माणसे. करार म्हणजे ‘ॲग्रीमेंट’, त्याचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि करारावर गेलेला तो गिरमिटिया. डरबनकडची हिंदी मंडळी हा दिवस आजही पाळतात. एकाच दिवशी सरकारला हिशेब तपासणारा मिळाला आणि नाताळला मजूर मिळाले. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात प्रश्न आलाच. या माणसांचा हिशेब कोण तपासत होते? आणि तपासणाऱ्याला पगार कोण देत होते?

या हिशेबाचे पहिले पान उघडायचे तर १८३६ च्या जानेवारीत जावे लागते. लिव्हरपूलचा व्यापारी जॉन ग्लॅडस्टन याने कलकत्त्याच्या गिलँडर्स, अर्बथनॉट आणि कंपनीला पत्र लिहिले. ब्रिटिश गियानामध्ये म्हणजे डेमरारात त्याचे उसाचे मळे होते. गुलामगिरी कायद्याने संपली होती. गुलाम सोडल्याबद्दल मालकांना ब्रिटिश सरकारने भरपाई दिली आणि ग्लॅडस्टनच्या वाट्याला २,५०८ माणसांपोटी एक लाख सहा हजार पौंडांहून अधिक रक्कम आली. आता मळ्यावर हात कुठून आणायचे? शंभरेक मजूर पाच-सात वर्षांच्या कराराने पाठवता येतील का, अशी त्याची विचारणा होती. कंपनीने उत्तर दिले की अडचण नाही, या लोकांना आपण कुठे जातो आणि प्रवास किती लांबचा याची काही कल्पनाच नसते. व्यापारी पत्रात ही गोष्ट मालाच्या गुणवत्तेसारखी सांगितलेली आहे. त्या पत्रव्यवहारात ‘धांगर’ हा शब्द येतो. आपल्या वाचकांनी धनगर समजू नये. कलकत्त्याचे व्यापारी छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातल्या आदिवासी मजुरांना तसे म्हणत.

मे १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजे गियानाला पोचली. ३९६ माणसे उतरली. पाच वर्षांत त्यांतली सुमारे चौथाई मेली. जॉन स्कोबल नावाचा गुलामगिरीविरोधी चळवळीतला कार्यकर्ता १८३९ साली तिथे जाऊन मळे पाहून आला, तेव्हा ही हकिगत इंग्लंडात कळली. स्कोबलला या कामासाठी ना मळेवाल्याने नेमले होते ना सरकारने.

इकडे कलकत्त्यातही आरडाओरडा झाला आणि १८३८ मध्येच सरकारने एक चौकशी समिती नेमली. तिच्या सभासदांत रसमय दत्त हे एक बंगाली गृहस्थ होते. समितीने जहाजावर चढण्याआधीचा हिशेब पाहिला आणि तिथेच घोळ सापडला. मॉरिशसला जाणाऱ्या मजुराचा पगार दरमहा पाच रुपये आणि सहा महिन्यांची उचल बंदरातच द्यायची, अशी पद्धत होती. म्हणजे तीस रुपये. कागदावर ते मजुराला दिलेले दिसत. प्रत्यक्षात बहुतेक रक्कम कपडेलत्ते, खाणे, ‘खर्च’ अशा नावांनी दलाल आणि दफेदार यांच्या खिशात जाई आणि माणूस रिकाम्या हाताने जहाज चढे. पुढचे सहा महिने तो मात्र ही उचल फेडत राबे. मजुरांना फसवून नेले जाते, असा निष्कर्ष समितीच्या बहुमताने दिला. वेगळे मतही नोंदवले गेले. १८३९ मध्ये मजुरांना परदेशी नेण्यावर बंदी आली आणि १८४२ मध्ये मॉरिशसपुरती ती उठलीसुद्धा.

उचल हा शब्द लिहिताना माझा हात थोडा थांबला. आमच्या मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी माणसे आजही उचल घेतात, मुकादम त्यावर कमिशन खातो आणि खाडा झाला की पैसे कापतात. पीकही तेच. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

बंदी उठवताना सरकारने काही नियम केले आणि पुढच्या प्रत्येक कायद्यात ते वाढत गेले. १८६४, १८७१, १८८३ असे कायदे एकामागून एक आले. हे कायदे वाचायला रूक्ष आहेत, पण हिशेबनीसाच्या डोळ्यांनी वाचले तर त्यांत एक गोष्ट लक्षात येते. कायदा करणाऱ्याला एक सत्य पुरते उमगले होते. माणसाला पैसे कशाचे मिळतात, त्यावर त्याला काय दिसते हे ठरते. म्हणून या कायद्यांत एक कलम आहे. प्रत्येक वसाहतीचा कलकत्ता किंवा मद्रास येथे एक ‘एमिग्रेशन एजंट’ असे. त्याचा मेहनताना त्याने किती माणसे पाठवली यावर अवलंबून असता कामा नये, तो ठरावीक वार्षिक पगार असला पाहिजे. केवढे शहाणपणाचे कलम! आजच्या कितीतरी कंपन्यांना ते सुचलेले नाही.

पण हे शहाणपण एजंटाच्या खुर्चीपाशी संपले. एजंटाच्या हाताखाली उपएजंट, त्याच्या हाताखाली परवाना घेतलेले भरती करणारे, ज्यांना उत्तरेत ‘अरकाटी’ म्हणत, आणि अरकाट्याच्या हाताखाली बाजारात, जत्रेत, स्टेशनावर, धर्मशाळेत फिरणारे बिनपरवान्याचे लोक. या सगळ्यांना पैसे डोईमागे मिळत. पुरुषाचा दर वेगळा आणि बाईचा जास्त, कारण शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवल्याच पाहिजेत असा नियम होता आणि बायका मिळत नसत. डेपोत डॉक्टरने माणूस नापास केला की दाम नाही. वरचा माणूस पगारावर आणि खालचे सगळे डोईवर, अशी ही उतरंड. वरच्याची नजर स्वच्छ ठेवायची आणि त्याच्यापुढे येणारा कागद मात्र डोई मोजून पैसे घेणाऱ्याने लिहायचा. वरचा माणूस जे तपासणार ते कागदच ना?

१८८३ च्या कायद्याच्या सुमारास बंगालमध्ये या नोंदवह्या तपासायला सरकारने ज्या अधिकाऱ्याला धाडले, तो आपल्या ओळखीचा आहे. जॉर्ज ग्रिअर्सन, भाषांच्या सर्वेक्षणामुळे ज्याचे नाव मराठीच्या प्रत्येक प्राध्यापकाच्या तोंडी असते तोच. तो बिहारच्या जिल्ह्यांतून हिंडला, नोंदी पाहिल्या, परतलेल्या माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलला. त्या काळच्या सरकारी अहवालांत हा मला वाचनीय वाटतो. प्रथा बंद करावी असे मात्र त्याचे मत नव्हते.

डोईमागे पैसे हे मुळातच वाईट, असे मी एके काळी म्हटले असते. जहाजावरच्या डॉक्टरांनी माझे मत जरा बदलले. गिरमिटियांच्या जहाजावर एक ‘सर्जन-सुपरिंटेंडंट’ असे आणि त्यालाही डोईमागे ठरावीक शिलिंग मिळत, पण जिवंत उतरलेल्या डोईमागे. कॉलऱ्याने, गोवराने माणसे मरत त्या काळात ही अट डॉक्टरला जागे ठेवणारी होती. मुख्य म्हणजे मोजणी त्याच्या हातात नव्हती. तो आपल्या रोजनिशीत काहीही लिहो, बंदरावर दुसऱ्या सरकारचा दुसरा माणूस डोकी मोजून घेई. मोजणारा एक आणि पैसे घेणारा दुसरा असला, तर डोईमागे दिलेले पैसेही निरुपद्रवी होतात, कधी उपकारकही. तेव्हा घोटाळा पैसे डोईमागे असण्यात नाही. ज्याला पैसे मिळायचे त्यानेच डोई मोजण्यात आहे. सगळे डॉक्टर देवमाणसे होते असे यावरून कोणी समजू नये. जहाजावरच्या बायकांच्या तक्रारी वाचल्या तर तो समज टिकत नाही.

आता जमिनीवरच्या डॉक्टराची गोष्ट पाहू, कारण या सगळ्या विषयाची कळ तिथे आहे. ब्रिटिश गियानात प्रत्येक मळ्यावर दवाखाना हवा, आजारी मजुराला डॉक्टरने पाहून सुट्टी द्यायची, असा कायदा होता. मजूर आजारी आहे की कामचुकार, हे डॉक्टरच्या शब्दावर ठरे आणि कामचुकार ठरला तर दंड किंवा तुरुंग. आणि डॉक्टर कुणाचा नोकर? मळेवाल्याचा. विल्यम दे व्हू हा तरुण मॅजिस्ट्रेट गियानात काही वर्षे हे बघत होता. तिथून बदली होऊन सेंट लुशियाला गेल्यावर, २५ डिसेंबर १८६९ रोजी, म्हणजे ऐन ख्रिसमसच्या दिवशी, त्याने वसाहतमंत्री लॉर्ड ग्रॅनव्हिल यांना एक लांबलचक पत्र लिहिले. मॅजिस्ट्रेट मळेवाल्यांच्या पंगतीला जेवतात, डॉक्टर त्यांच्या पगारावर जगतात, मग मजुराने दाद मागायची कुणाकडे, असा त्याचा आशय. पत्रातून चौकशी आयोग निघाला, त्याने १८७१ मध्ये अहवाल दिला आणि पुढच्या काही वर्षांत गियानातले मळ्यांचे डॉक्टर सरकारी पगारावर गेले. दे व्हू पुढे फिजीचा गव्हर्नर झाला, तिथेही गिरमिटिये होतेच. एका पत्रापुरती माणसाची हिंमत पुरते, जन्मभर पुरतेच असे नाही.

याच गियानात जेम्स क्रॉस्बी नावाचा अधिकारी होता. १८५८ पासून १८८० पर्यंत तो इमिग्रेशन एजंट जनरल. मजुरांच्या तक्रारी ऐकणे, मळ्यांवर जाऊन पगाराच्या वह्या बघणे हे त्याचे काम. तो ते खरोखर करू लागला, तेव्हा गव्हर्नर हिंक्सने त्याचे अधिकार छाटले. गव्हर्नरच्या परवानगीशिवाय मळ्यावर जायचे नाही, असे ठरले. पगार चालू, खुर्ची शाबूत, फक्त वह्यांपर्यंत जायचा रस्ता बंद. लेखापरीक्षकाला निकामी करण्याची ही सर्वांत सभ्य रीत. मजुरांनी मात्र त्याचा हिशेब वेगळ्या प्रकारे चुकता केला. क्रॉस्बी गेल्यानंतर त्या जागेवर आलेल्या प्रत्येक साहेबाला ते ‘क्रॉस्बी’च म्हणत राहिले. तक्रार घेऊन जायचे म्हणजे ‘क्रॉस्बीकडे’ जायचे. माणसाचे नाव हुद्द्याला मिळाल्याची अशी उदाहरणे फार नसतील.

इथे स्वतःची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचे दप्तर मी तपासायला घेतले होते. सचिव वयाने माझ्याहून मोठे, बोलायला गोड. ‘साहेब, आधी चहा घ्या, दप्तर कुठे पळून जातंय,’ असे रोज म्हणत. संचालकांच्या भावकीतली थकीत कर्जे नवी कर्जे देऊन मिटवलेली दिसली. मी दोषदुरुस्तीत तसे लिहिले आणि संस्थेला ‘ब’ वर्ग दिला. ‘अ’ वर्ग असल्याशिवाय पुढच्या कामात अडचण येते, तेव्हा विचार करा, असे सचिव म्हणाले. मी विचार केला नाही. माझे फीचे बिल दोन वर्षे त्यांच्या टेबलाच्या खणात पडून होते. रक्कम फार नव्हती. पण मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती त्या जूनमध्ये मला त्या खणाची फार आठवण येई. पुढच्या वर्षी सर्वसाधारण सभेने दुसऱ्या लेखापरीक्षकाची नेमणूक केली. संस्थेला ‘अ’ वर्ग मिळाला.

म्हणून क्रॉस्बी आणि गियानाचे डॉक्टर मला परके वाटत नाहीत.

मॉरिशसकडे वळू. मुंबई बंदरातूनही मजूर मॉरिशसला गेले, त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोक बरेच होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात, गणपती बसवतात. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, त्यापुढे नाव, वय, जात, गाव. नावांचे हिज्जे इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आले तसे. कोकणातले गाव ओळखायला कधी कधी मोठ्याने वाचून पाहावे लागते.

या मॉरिशसमध्ये पगार कापण्याची एक रीत होती, तिला ‘डबल कट’ म्हणत. एका दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. कापणारा मळेवाला, मस्टर मळेवाल्याचे, पगारपत्रकही त्याचेच. वर्षाच्या शेवटी कधी मजुराच्या नावे काही उरायचे, कधी तोच देणेकरी निघायचा. मजुरांचा संरक्षक म्हणून सरकारी अधिकारी होता, पण वह्या त्याच्या टेबलापर्यंत येत नसत आणि तोही वह्यांपर्यंत जात नसे. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने अर्ज लिहून दिला. त्यावर ९,४०१ सह्या आणि अंगठे होते. गोऱ्या समाजाला हा फितुरीचा कळस वाटला. पोर्ट लुईच्या भर रस्त्यात त्याला मारहाण झाली. पण राणीचा आयोग आला. त्यातला एक सभासद विल्यम एडवर्ड फ्रिअर हा मुंबई इलाख्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला. गियानाच्या आयोगावरही तोच होता. (मुंबईच्या ज्या कारंजाला फ्रिअरचे नाव द्यायचे घाटत होते तो सर बार्टल, हा नव्हे.) १८७५ मध्ये आयोगाचा जाडजूड अहवाल आला आणि मळ्यांचे हिशेब पहिल्यांदा उजेडात आले. द प्लेविट्झच्या अर्जाखालच्या अंगठ्यांना मी लेखापरीक्षण म्हणतो. त्याची फी कुणी दिली नाही.

नाताळातही असेच झाले. ‘ट्रुरो’वरच्या माणसांना पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग आणि दरवर्षी एक शिलिंग वाढ, शिवाय शिधा, असे ठरले होते. त्यांतले काही दहा वर्षांनी, १८७१ मध्ये, मद्रासला परतले. परतल्यावर गप्प बसले नाहीत. पगार थकवला, कापला, मारले, असे त्यांनी मद्रासच्या अधिकाऱ्यांपुढे सांगितले. नाताळची भरती आधीच थांबली होती. आता चौकशी झाल्याशिवाय ती पुन्हा सुरू होऊ देणार नाही, असे हिंदुस्थान सरकारने कळवले. १८७२ मध्ये नाताळला आयोग नेमावा लागला, मजुरांसाठी संरक्षक नेमावा लागला, तेव्हा कुठे १८७४ मध्ये जहाजे पुन्हा निघाली. ड्रमंडच्या खात्याला जे जमले नसते, ते मद्रासच्या धक्क्यावर उतरलेल्या निरक्षर माणसांनी तोंडी केले.

मधल्या काळात लंडनमध्ये एक कायदा झाला होता, त्याचे नाव मी मुद्दाम इथवर राखून ठेवले. १८६६ चा ‘एक्स्चेकर अँड ऑडिट डिपार्टमेंट्स ॲक्ट’. आमच्या धंद्याची ही गंगोत्री. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारा कंट्रोलर अँड ऑडिटर जनरल या कायद्याने निर्माण झाला. त्याचा पगार थेट संचित निधीतून, म्हणजे दरसाल कुणा मंत्र्याच्या मर्जीने मंजूर करून घ्यायची गरज नाही; आणि त्याला काढायचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी सांगितले पाहिजे. आपल्या घटनेच्या १४८ व्या कलमातला महालेखापरीक्षक याच वळणाचा. १८६६ चा हा कायदा आणणारा अर्थमंत्री होता विल्यम ग्लॅडस्टन, जॉन ग्लॅडस्टनचा मुलगा. याच विल्यमने तरुणपणी, १८३३ मध्ये, संसदेत वडिलांच्या डेमरारातल्या मळ्याच्या व्यवस्थापकाची बाजू मांडली होती. बापाने ज्या हिशेबाला तपासनीस नको होता तो सुरू केला आणि मुलाने तपासनिसाला कुणाचे मिंधे राहावे लागू नये याची व्यवस्था केली. ती व्यवस्था ब्रिटिश तिजोरीपुरती होती. मळ्यांच्या वह्या तिच्या बाहेर राहिल्या.

आता पुण्याला, किंवा खरे तर सोलापूरला. गणेश व्यंकटेश जोशी हे सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर. सरकारी नोकर असल्याने उघड लिहायची सोय नव्हती, म्हणून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात ‘जे’ या एका अक्षराखाली हिंदुस्थानच्या अर्थकारणावर लेख लिहीत. सरकारचे अंदाजपत्रक, लष्करी खर्च, रेल्वे, जमीनमहसूल यांचे आकडे शाळा सुटल्यावर तपासत बसायचे. १८९७ मध्ये तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या पेटीतल्या आकड्यांत जोश्यांची मेहनत मोठी होती. त्या साक्षीत एक आकडा आहे. वर्षाला दहा हजार रुपये किंवा अधिक पगार घेणारे २,३८८ अधिकारी, त्यांत हिंदी माणसे ६०. हिंदुस्थानच्या खर्चाचा हिशेब हिंदी माणसाने तपासायचा, तर तो नोकरीत राहून नव्हे, असा या आकड्याचा मला लागलेला अर्थ. तपासणारे गोखले त्या वेळी फर्ग्युसन कॉलेजात दरमहा ७५ रुपयांवर शिकवत होते. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक बरे खपे, त्यावर घर चाले.

तो पगार तुटपुंजा होता, पण द्यायचा कुणी हे महत्त्वाचे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने तो द्यायचा, आणि सोसायटीचे सभासद खुद्द गोखलेच. त्या ७५ रुपयांत सरकारचा वाटा किती आणि लोकवर्गणीचा किती, असा वाद कुणी घालील. पण गोखल्यांच्या तोंडाला कुलूप लावायला त्या पगाराची किल्ली पुरत नव्हती एवढे खरे. जोश्यांचे तसे नव्हते. त्यांच्या पगाराची किल्ली सरकारकडे होती, म्हणून ते एक अक्षर.

पुढे हेच गोखले गिरमिटाच्या हिशेबाकडे वळले. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांच्या ठरावावर नाताळला मजूर पाठवणे बंद करण्याचे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मान्य झाले आणि १ जुलै १९११ पासून ते अमलात आले. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सगळीच प्रथा बंद करण्याचा ठराव आणला. दरम्यान लंडनमध्ये बसून सँडर्सन समितीने या प्रथेला अनुकूल असा अहवाल दिला होता. गोखल्यांच्या भाषणात भावना आहे, पण तिच्याखाली सगळीकडे आकडे आहेत. आत्महत्यांचे प्रमाण, खटल्यांचे प्रमाण, मृत्यूंचे प्रमाण, सगळे वसाहतींच्याच वार्षिक अहवालांतले. समोरच्याच्या वह्या उघडून त्याच्याच जमाखर्चाने त्याला उत्तर द्यायचे, ही सोलापूरची शिकवण. जोशी आदल्या वर्षीच वारले होते. ठरावाच्या बाजूने २२ मते पडली, विरुद्ध ३३. ठराव पडला.

सरकारने मग दोन माणसे वसाहतींत पाठवली, मॅकनील आणि चिमनलाल. दोघेही सरकारी खर्चाने. प्रथा सुधारून चालू ठेवावी, असा त्यांचा कल. पण अहवालात त्यांनी आकडे प्रामाणिकपणे दिले. फिजीतल्या करारबद्ध मजुरांत आत्महत्यांचे प्रमाण दहा लाखांमागे ९२६. मद्रास इलाख्यात ४५, संयुक्त प्रांतात ६३. ज्याचा पगार खाल्ला त्याला हवे ते मत लिहूनही हे आकडे त्यांनी दडवले नाहीत, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. प्रथेविरुद्ध लढणाऱ्यांनी मत बाजूला ठेवले आणि आकडा उचलला. १९१५ च्या अखेरीस अँड्र्यूज आणि पिअर्सन हे शांतिनिकेतनचे दोघे, सरकारने नेमलेले नसताना, फिजीला जाऊन आले आणि त्यांनी स्वतंत्र अहवाल छापला. मार्च १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांचा ठराव लॉर्ड हार्डिंजने मान्य केला. १९१७ मध्ये भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेले करार रद्द झाले.

एवढे सगळे वाचून झाल्यावर मी निवेदनाचा मसुदा पुन्हा काढला. फी वाढवून मागण्याचे कलम तसेच ठेवले. महागाई सर्वांनाच आहे आणि कमी फीत जास्त संस्था उरकाव्या लागल्या की तपासणी कशी होते हे मला माहीत आहे. त्याखाली मी एक कलम नव्याने घातले. फीची रक्कम संस्थेने वर्षाच्या सुरुवातीला निबंधकाकडे जमा करावी आणि अहवाल दाखल होताच ती लेखापरीक्षकाला निबंधकाने द्यावी. संस्थेच्या हातून लेखापरीक्षकाच्या हाती पैसे जाऊ नयेत.

बैठकीत सर्वांनी मसुदा वाचला. इतिहासाचा भाग लांबला म्हणून काढून टाकला, ते मी समजू शकतो. नव्या कलमावर थोडी चर्चा झाली. निबंधकांच्या कार्यालयातून पैसे सुटायला सहा-सहा महिने लागतील, संस्था निदान हातावर चेक ठेवते, असे एक जण म्हणाले. दुसरे म्हणाले, ‘काका, तुमचं तत्त्व बरोबर आहे, पण आमच्या घरी हप्ते आहेत.’ हे दोघेही चांगले, सचोटीचे लेखापरीक्षक आहेत. कलम काढण्याला मीही हात वर केला. निवेदन गेले आहे, उत्तर अजून आलेले नाही.